लग्न लागलं म्हणून परतीची वाट बंद होत नाही

परदेशात नेलेल्या मुलीचा दबक्या आवाजात फोन येतो, “माझं जबरदस्तीनं लग्न लावलंय, मला घरी यायचंय.” फोन कट होतो आणि इकडे घरात सल्ल्यांची गर्दी होते. “आता दिल्या घरी नांदू दे.” “परक्या देशात आपलं कोण ऐकणार?” “बभ्रा झाला तर धाकटीचं कसं व्हायचं?” प्रत्येक सल्ल्यामागे एखादा गैरसमज असतो आणि त्यापायी मोलाचे दिवस हातचे जातात.

गैरसमज : घरच्यांनी ठरवलेलं लग्न आणि जबरदस्तीचं लग्न, दोन्ही एकच.

वस्तुस्थिती : ठरवून केलेल्या लग्नात ‘नाही’ म्हणायची मुभा असते. ती मुभा मारहाण, धमकी, कोंडून ठेवणं किंवा ‘आई जीव देईल’ अशा दडपणानं काढून घेतली, की ते लग्न जबरदस्तीचं होतं. संयुक्त राष्ट्रांच्या १९४८ च्या मानवी हक्कांच्या जाहीरनाम्यातल्या सोळाव्या कलमानुसार विवाह दोघांच्याही मुक्त आणि पूर्ण संमतीनंच व्हायला हवा. मांडवात मान हलवली किंवा निकाहनाम्यावर सही केली, एवढ्यावरून ती संमती मुक्त होती हे सिद्ध होत नाही.

गैरसमज : हे फक्त अल्पवयीन, अशिक्षित मुलींच्या वाट्याला येतं.

वस्तुस्थिती : ब्रिटनमध्ये अशा प्रकरणांसाठी सरकारचा ‘फोर्स्ड मॅरेज युनिट’ हा स्वतंत्र कक्ष २००५ पासून आहे. २०१८ मध्ये त्यानं १,७६४ प्रकरणांत सल्ला किंवा मदत दिली आणि त्यांतल्या सुमारे १७ टक्के प्रकरणांत पीडित पुरुष होते. शिक्षणही ढाल ठरत नाही. २००८ मध्ये लंडनमध्ये काम करणाऱ्या एका डॉक्टर तरुणीला आई आजारी असल्याचं सांगून ढाक्याला बोलावलं गेलं. तिला कोंडून ठेवलं आणि तिचं लग्न लावून दिलं. तिनं कसेबसे पाठवलेले निरोप ब्रिटनमधल्या आप्तमित्रांनी गांभीर्यानं घेतले. लंडनच्या उच्च न्यायालयानं जबरदस्तीच्या लग्नांविरुद्धच्या नव्या कायद्याखाली आदेश दिला. ‘ऐन ओ सालिश केंद्र’ या बांगलादेशी संस्थेनं ढाक्यात न्यायालयाचं दार ठोठावलं आणि डिसेंबरमध्ये तिथल्या न्यायालयानं तिला मोकळं केलं. ती बांगलादेशाचीच नागरिक होती. तरीही तिचं म्हणणं न्यायाधीशांपुढे पोचलं, म्हणून ती सुटली.

गैरसमज : लग्न लागलं की नवऱ्याच्या परवानगीशिवाय परत येता येत नाही.

वस्तुस्थिती : मे २०१७ मध्ये दिल्लीची एक तरुणी पाकिस्तानात गेली. खैबर पख्तुनख्वातल्या बुनेरमध्ये बंदुकीच्या धाकानं आपला निकाह लावला, असं तिचं म्हणणं होतं. नवऱ्याच्या व्हिसाच्या कामासाठी दोघं इस्लामाबादच्या भारतीय उच्चायुक्तालयात आली आणि तिनं तिथंच आश्रय मागितला. नवऱ्यानं आरोप नाकारले. प्रकरण इस्लामाबाद उच्च न्यायालयात गेलं. २४ मे रोजी न्यायालयानं तिला भारतात परतायची परवानगी दिली आणि पोलिस संरक्षणही दिलं. २५ मे रोजी ती वाघा सीमेवरून मायदेशी आली. सज्ञान बाईची इच्छा काय, हे पाकिस्तानच्या न्यायालयानं तिलाच विचारलं होतं.

मात्र देशोदेशींचे कायदे वेगळे आहेत. काही आखाती देशांत देश सोडायला पुरस्कर्त्याची, म्हणजे व्हिसाची हमी घेणाऱ्याची, संमती लागण्याची पद्धत राहिली आहे. मुलीकडे त्याच देशाचं नागरिकत्व असेल, तर आपल्या दूतावासाचे हात बरेच बांधले जातात. अशा वेळी तिथला वकील लवकर गाठायला हवा.

गैरसमज : दूतावास माणसं पाठवून तिला घरातून सोडवून आणतो.

वस्तुस्थिती : परक्या देशात दूतावासाला पोलिसांचे अधिकार नसतात. तो स्थानिक पोलिसांकडे पाठपुरावा करू शकतो, तिच्याशी भेट मागू शकतो आणि वकील सुचवू शकतो. ती दूतावासापर्यंत पोचली तर आसऱ्याची सोय करू शकतो. भारताच्या परराष्ट्र मंत्रालयाचं ‘मदद’ हे पोर्टल २०१५ पासून सुरू आहे. तिथं घरचे तक्रार नोंदवू शकतात आणि ती कुठवर आली ते पाहू शकतात. अडचणीतल्या गरजू नागरिकांचा निवारा, कायदेशीर मदत आणि विमानभाडं यांसाठी ‘भारतीय समुदाय कल्याण निधी’ आहे.

गैरसमज : पासपोर्ट काढून घेतला, म्हणजे सगळं संपलं.

वस्तुस्थिती : पासपोर्ट नसलेल्या भारतीय नागरिकाला मायदेशी परतण्यापुरतं ‘इमर्जन्सी सर्टिफिकेट’ दूतावास देऊ शकतो. त्यासाठी ओळख पटावी लागते. म्हणून पासपोर्टची प्रत, व्हिसाचं पान, जन्मदाखला आणि फोटो घरी जपून ठेवायला हवेत. मुलगी परदेशी निघाली की या कागदांची एक प्रत विश्वासातल्या माणसाकडे असू द्यावी.

गैरसमज : गुन्हा परदेशात घडला, तेव्हा इथले पोलिस काही करू शकत नाहीत.

वस्तुस्थिती : भारतीय नागरिकानं परदेशात केलेल्या गुन्ह्यालाही भारतीय न्याय संहिता लागू होते. पुढच्या चौकशीसाठी आणि खटल्यासाठी केंद्र सरकारची पूर्वमंजुरी लागते. फसवून नेण्याचा बेत अनेकदा इथंच शिजलेला असतो, त्यामुळे हद्दीचं कारण ऐकून माघारी फिरू नका. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या १७३ व्या कलमानुसार दखलपात्र गुन्ह्याची खबर हद्द न पाहता नोंदवता येते. यालाच ‘झीरो एफआयआर’ म्हणतात. लग्नाची बळजबरी करण्यासाठी स्त्रीला पळवून नेणं हा न्याय संहितेच्या ८७ व्या कलमाखाली दहा वर्षांपर्यंतच्या शिक्षेचा गुन्हा आहे.

गैरसमज : ती घरी आली की प्रश्न मिटला.

वस्तुस्थिती : लग्नाची गाठ कायद्यानं सुटायची बाकी असते. हिंदू विवाह कायद्याच्या बाराव्या कलमानुसार बळजबरीनं किंवा फसवणुकीनं संमती घेतलेला विवाह रद्द करून मागता येतो. पण बळजबरी थांबल्यापासून किंवा फसवणूक कळल्यापासून एका वर्षाच्या आत अर्ज करावा लागतो. ‘थोडं निवळू दे’ म्हणत बसलं, तर हा मार्ग हातचा जातो. इतर धर्मांच्या आणि परदेशी नोंदणीच्या विवाहांना वेगळे नियम लागतात, त्यामुळे पहिल्या महिन्यातच वकिलाला विचारावं.

असा फोन आला तर

तिला उलटतपासणीसारखे प्रश्न विचारू नका. तू सुरक्षित बोलू शकतेस का, कुठं आहेस, जवळ कोण आहे आणि तुला काय हवंय, एवढंच विचारा. पुढच्या बोलण्यासाठी एखादा खुणेचा शब्द ठरवा. तारीख, वेळ आणि तिचे शब्द लगेच लिहून ठेवा, संदेश पुसू नका. तिच्या सासरी फोन करून जाब विचारू नका, त्यानं पहिल्यांदा तिचाच फोन काढून घेतला जातो. तिचं नाव आणि फोटो समाजमाध्यमांवर टाकण्याआधी तिच्या जिवाचा विचार करा. मग त्याच दिवशी दूतावास, ‘मदद’ आणि पोलिस, तिन्ही ठिकाणी लेखी कळवा.

जिला अजून नेलेलं नाही पण तशी भीती वाटते, तिच्यासाठी विमानतळ ही शेवटची संधी असते. ब्रिटनमधली ‘कर्म निर्वाण’ ही संस्था अशा मुलींना अंतर्वस्त्रात स्टीलचा चमचा लपवायला सुचवते. तपासणीचं यंत्र वाजतं, तिला बाजूला घेतात आणि तिथं घरच्यांच्या माघारी बोलता येतं. आपल्याकडेही विमानतळावरच्या सुरक्षा कर्मचाऱ्याला ‘मला जायचं नाही’ असं स्पष्ट सांगता येतं.

ढाक्यात कोंडलेल्या डॉक्टरसाठी तिचे आप्तमित्र हलले, म्हणून न्यायालयं हलली. आपल्या लेकीला, बहिणीला निघण्याआधीच ठामपणे सांगून ठेवा, “काहीही झालं तरी फोन कर, आम्ही न्यायला येऊ.” आणि तो फोन आला, तर लोक काय म्हणतील याचा विचार नंतर करा, आधी तक्रार लिहायला बसा.