आज्ञेतील पदक्रम आणि बालकाची भाषा

मुलांना संगणकाची आज्ञारचना शिकविता यावी म्हणून फॉइरझाइग, पॅपर्ट व सॉलोमन प्रभृतींनी १९६७ साली अमेरिकेत ‘लोगो’ ही भाषा सिद्ध केली. पडद्यावरील कासवाला ‘फॉरवर्ड ५०’ म्हटले की ते ५० एकके पुढे सरकते. ‘राइट ९०’ म्हटले की ९० अंशांतून उजवीकडे वळते. ही जोडी ४ वेळा योजली की चौरस पूर्ण होतो.

येथे क्रिया आधी येते, परिमाण नंतर. मराठी मूल मात्र सवंगड्याला ‘५० पावले पुढे जा’ असे सांगते. त्याच वळणाने त्याने ‘५० फॉरवर्ड’ लिहिले, तर ५० चे काय करावयाचे ते सांगितले नाही, अशा अर्थाचा आक्षेप यंत्र घेते. ‘पुढे ५०’ असे शब्दांतर केल्यानेही अडचण सरत नाही. कारण दोष तर्काचा नसून पदक्रमाचा आहे. हा क्रम यंत्राची अपरिहार्य गरजही नव्हे. ‘फोर्थ’ या भाषेत संख्या आधी व क्रिया नंतर लिहितात.

तेव्हा शिक्षकाने प्रथम मैदानावर मराठीतूनच आज्ञा देववाव्यात. एकाने सांगावे, दुसऱ्याने चालून चौरस पुरा करावा. पदक्रमातील भेद त्यानंतर उलगडावा. एरवी व्याकरणातील भेदालाच बुद्धीचे वैगुण्य समजण्याचा अन्याय आपल्या हातून घडेल.