विवृत्तीय आंशिक विकलक समीकरणांचे समांगीकरण : सरासरीच्या संकल्पनेचा पुनर्विचार

प्रस्तावना : काँक्रीट, प्लायवूड, काचतंतूंनी बळकट केलेले प्लॅस्टिक किंवा शेतातील माती हे पदार्थ दुरून एकसंध भासतात, परंतु सूक्ष्म पातळीवर ते भिन्न गुणधर्मांच्या घटकांचे मिश्रण असतात. अशा पदार्थातून उष्णता, वीज किंवा पाणी स्थिर अवस्थेत कसे वाहते, याचे वर्णन विवृत्तीय म्हणजेच एलिप्टिक प्रकारच्या आंशिक विकलक समीकरणाने केले जाते. समीकरणातील सहगुणक हा त्या त्या बिंदूवरील वाहकता दर्शवितो आणि तो कणागणिक बदलतो. एक घनमीटर पदार्थात मिलिमीटरभर आकाराचे सुमारे १०० कोटी कण मावतात. प्रत्येक कणाची नोंद घेऊन समीकरण सोडविणे संगणकासही सहजासहजी परवडणारे नाही. म्हणून मूळ पदार्थाच्या जागी सर्वत्र सारखा असा एक पर्यायी पदार्थ कल्पिला जातो. कणांचा आकार शून्याकडे जात असता मूळ समीकरणाची उकल ज्या समीकरणाच्या उकलीकडे जाते, ते शोधण्याच्या शास्त्रास समांगीकरण म्हणतात.

या पर्यायी पदार्थाची वाहकता किती मानावी? घटकांच्या प्रमाणानुसार सरासरी काढावी, हे उत्तर कोणासही सुचेल. ते बहुधा चुकीचे ठरते.

एकच मिश्रण, तीन उत्तरे : दोन पदार्थ समप्रमाणात घेतले असून त्यांची वाहकता अनुक्रमे १ आणि १०० आहे, असे समजू. त्यांचे पातळ थर एकावर एक रचले आणि उष्णता थरांना समांतर वाहू दिली, तर परिणामी वाहकता ५०.५ म्हणजे अंकगणिती मध्याइतकीच येते. आता उष्णता थरांना छेदून वाहते असे मानू. स्थिर अवस्थेत प्रत्येक थरातून जाणारा प्रवाह सारखाच असावा लागतो. त्यामुळे तापमानातील जवळजवळ सर्व घट मंदवाहक थरांतच होते. येथे वाहकतांची नव्हे, तर त्यांच्या व्यस्तांची सरासरी घ्यावी लागते. उत्तर येते हरात्मक मध्य, सुमारे १.९८. दोन्ही घटक स्वतः सर्व दिशांना सारखे असूनही मिश्रण मात्र दिशेनुसार वेगळे वागते. म्हणूनच परिणामी वाहकता ही सामान्यतः एक संख्या नसून मॅट्रिक्स असते.

तिसरी रचना बुद्धिबळाच्या पटाची. द्विमितीत तिचे उत्तर नेमके १० म्हणजे भूमितीमध्य येते. केलर यांनी १९६४ मध्ये आणि डिख्ने यांनी १९७० मध्ये दिलेल्या यामागील युक्तिवादाला जवळजवळ आकडेमोड लागत नाही. द्विमितीत प्रवाहाचा सदिश काटकोनात फिरविला की तो तापमानाच्या उतारासारखा वागतो. त्यामुळे वाहकतेच्या जागी तिचा व्यस्त घेतल्यास परिणामी वाहकताही व्यस्त होते. प्रत्येक घरातील वाहकतेने १०० ला भागले, तर १ आणि १०० यांची केवळ अदलाबदल होते, म्हणजे पट एक घर सरकल्यासारखा होतो आणि परिणामी वाहकता बदलत नाही. अर्थात ती संख्या स्वतःच १०० भागिले स्वतः एवढी असली पाहिजे. त्रिमितीत ही युक्ती चालत नाही.

सिद्धांताची उभारणी : मॅक्सवेल यांनी १८७३ च्या ग्रंथात विरळ विखुरलेल्या गोलांसाठी आणि रॅले यांनी १८९२ मध्ये आवर्ती रचनेसाठी हा विचार केला होता. गणिती काटेकोरपणा मात्र १९६८ मध्ये स्पान्योलो यांनी मांडलेल्या जी-अभिसरणाने आणि पुढील दशकात म्युरा व टार्टार यांच्या एच-अभिसरणाने आला. बेन्सुसान, लिऑन्स आणि पापानिकोलाऊ यांचा १९७८ चा ग्रंथ आजही या विषयाचे प्रवेशद्वार मानला जातो. समांगीकरणातील आयगेनमूल्यांवर केसवन यांनी १९७९ मध्ये केलेले काम भारतीय वाचकांनी आवर्जून पाहावे असे आहे.

खरी अडचण अभिसरणाच्या स्वरूपात आहे. वेगाने हेलकावणाऱ्या साइन फलाची सरासरी शून्य असते, पण त्याच्या वर्गाची सरासरी अर्धी असते. सरासरींचा गुणाकार आणि गुणाकाराची सरासरी भिन्न असतात, एवढेच यातून दिसते. समीकरणात वाहकता व तापमानाचा उतार हे दोन्ही हेलकावतात आणि तेही परस्परांशी ताल धरून. म्हणून त्यांची सरासरी स्वतंत्रपणे घेता येत नाही. उपाय असा : आवर्ती रचनेची एकच कोशिका घ्यावी, तिच्यावर एकक उतार लादावा, त्या उतारात कोशिकेची अंतर्गत रचना जी दुरुस्ती घडविते ती काढावी आणि मग प्रवाहाची सरासरी घ्यावी. १०० कोटी कणांच्या जागी अशा तऱ्हेने एका कोशिकेचा प्रश्न उरतो.

हा विचार भूजलाच्या अभ्यासातही उपयोगी पडतो. दख्खनच्या पठारावर बेसॉल्टचे थर एकावर एक साचलेले आहेत. थरांची पार्यता भिन्न असल्यास आडव्या आणि उभ्या झिरप्यासाठी एकच सरासरी वापरणे मोठी चूक ठरेल. अर्थात खडकातील भेगा कोणत्याही आवर्ती नियमाने पडत नाहीत. अशा यादृच्छिक रचनांसाठी कोझ्लोव्ह यांनी, तसेच पापानिकोलाऊ व वरधन यांनी १९७० च्या दशकाच्या अखेरीस स्वतंत्र सिद्धांत मांडला. त्यांपैकी वरधन यांना पुढे २००७ मध्ये संभाव्यताशास्त्रातील कार्यासाठी आबेल पारितोषिक लाभले.

समांग समीकरण तापमान किंवा विद्युतविभव यांचे चांगले अनुमान देते. त्यांच्या स्थानिक उताराचे देत नाही. विद्युतरोधक मिश्रणात कोणत्या ठिकाणी विद्युतक्षेत्र असह्य होऊन ते निकामी होईल, हे त्याची सरासरी वाहकता सांगू शकत नाही. त्यासाठी कोशिकेतील दुरुस्तीकडेच परतावे लागते आणि पदार्थाच्या कडेजवळ, जेथे आवर्ती रचना मध्येच तुटते, तेथे तीही अपुरी पडते.