कोळशातील सूर्य आणि आकाशातील तारे

चंद्रपूर जिल्ह्यात वर्धा नदीच्या खोऱ्यात घुग्घुस हे गाव आहे. कोळशाच्या खाणी आणि सिमेंटचा कारखाना यांमुळे त्याचे नाव दूरवर गेले आहे. अशा गावात ज्योतिःशास्त्राचे काय काम, असे कोणी सहज विचारील. तारे पाहावयाचे ते मान वर करून, आणि कोळसा काढावयाचा तो जमीन खणून. तेव्हा या दोहोंचा संबंध तो काय? परंतु थोडा विचार केला म्हणजे असे दिसून येते की, खाणीतून निघणारा कोळशाचा तुकडा हा आकाशाशीच निगडित आहे. त्याची हकीकत नीट समजून घेतली, तर सूर्य, ग्रह आणि तारे यांची ओळख आपोआप होते.

वर्धा खोऱ्यातील कोळसा सुमारे २७ कोटी वर्षांपूर्वीचा आहे. ज्या खडकांच्या थरांत तो सापडतो, त्यांस भूगर्भशास्त्रज्ञांनी याच गोंडांच्या भूमीवरून ‘गोंडवन’ हे नाव दिले. त्या काळी येथे दलदलीची अरण्ये होती. त्यांतील वनस्पतींनी सूर्यप्रकाशाच्या साहाय्याने हवेतील कार्बन आपल्या देहात साठविला. पुढे त्या चिखलात गाडल्या गेल्या, त्यांवर वाळूचे व मातीचे थर चढले, आणि दाब व उष्णता यांच्या योगाने त्यांचा कोळसा झाला. म्हणजे आज भट्टीत कोळसा जळतो तेव्हा जी ऊब मिळते, ती २७ कोटी वर्षे पुरून ठेवलेल्या उन्हाचीच होय.

मग हे ऊन आले कोठून? सूर्य हा जळणाऱ्या कोळशाचा गोळा असेल, अशी कल्पना एके काळी करून पाहण्यात आली होती. पण नुसत्या कोळशावर सूर्य काही हजार वर्षांपलीकडे तगला नसता. आणि त्याचे वय तर ४६० कोटी वर्षांच्या घरात आहे. त्याची रीत निराळीच आहे. सूर्याच्या गाभ्यात दीड कोटी अंश उष्णता आहे. तेथे हायड्रोजनचे अणुगर्भ एकत्र येऊन त्यांचे हेलियम बनते, आणि या घडामोडीत दर सेकंदास ४० लक्ष टनांहून अधिक द्रव्याचे रूपांतर प्रकाश व उष्णता यांत होते. इतका खर्च चालू असूनही ही शिदोरी अजून सुमारे ५०० कोटी वर्षे पुरेल.

सूर्य आणि त्याचा परिवार यांची अंतरे आकड्यांनी सांगितली, तर ती मनात ठसत नाहीत. म्हणून सर्व मापे शंभर कोटी पटींनी लहान करून पाहावी. घुग्घुस रेल्वे स्टेशनाजवळ १.४ मीटर व्यासाचा, म्हणजे माणसाच्या खांद्याला लागेल एवढा गोळा ठेवला, असे समजावे. हा आपला सूर्य. त्यापासून १५० मीटरांवर एक लहानसे बोर ठेवले की ती पृथ्वी झाली. आणि बोरापासून दीड-दोन वितींवर मोहरीहून थोडा मोठा दाणा, तो चंद्र. पृथ्वीच्या अलीकडे बुध व शुक्र, पलीकडे मंगळ. ग्रहांत सर्वांत मोठा जो गुरू, तो सोललेल्या नारळाएवढा होऊन पाऊण किलोमीटरावर येईल, आणि शनी सुमारे दीड किलोमीटरावर. त्यापुढे प्रजापती, म्हणजे युरेनस. आणि शेवटचा वरुण, म्हणजे नेपच्यून, साडेचार किलोमीटरांवर लिंबाएवढा. प्लूटो पूर्वी नववा ग्रह गणला जात असे. पण २००६ साली ज्योतिर्विदांच्या आंतरराष्ट्रीय संघाने त्यास बटुग्रहांत घातल्यापासून ग्रह आठच राहिले आहेत. सारांश, चंद्रपूरला पोचण्याच्या कितीतरी आधीच ग्रहांची वस्ती संपते.

आता याच मापाने सूर्याच्या सर्वांत जवळचा तारा कोठे ठेवावा लागेल? नागपुरास नव्हे, काशीस नव्हे, लंडनासही नव्हे. घुग्घुसहून निघून सगळ्या पृथ्वीला एक वळसा घालावा, तेव्हा कोठे ते ४० हजार किलोमीटरांचे अंतर भरते! प्रकाश दर सेकंदास ३ लक्ष किलोमीटर धावतो. या लहान नकाशात मात्र त्याची चाल सेकंदास एक फुटाची ठरते. त्या चालीने सूर्यापासून पृथ्वीपर्यंत यावयास त्यास ८ मिनिटे २० सेकंद लागतात, वरुणापर्यंत जावयास सुमारे ४ तास, आणि त्या जवळच्या ताऱ्यापर्यंत ४ वर्षांहून अधिक काळ. प्रकाश एका वर्षात जेवढे अंतर तोडतो, त्यास ‘प्रकाशवर्ष’ म्हणतात. हा शब्द वर्षाचा भास करून देत असला, तरी ते अंतराचेच माप आहे.

ग्रह आणि तारे यांतील भेद येथेच उघड होतो. ग्रह हे जवळचे शेजारी. ते सूर्याच्या उसन्या प्रकाशाने चमकतात आणि ताऱ्यांच्या पार्श्वभूमीवर आपली जागा बदलतात. तारे हे मात्र स्वयंप्रकाशी सूर्यच होत. व्याधाचा तारा साडेआठ प्रकाशवर्षांवर आहे, अभिजित पंचवीसांवर, रोहिणी पासष्टांवर. रोहिणीचा तांबूस रंग आणि व्याधाचा निळसर शुभ्र रंग यांवरून त्यांच्या उष्णतेचे मान कळते. लोहाराच्या भात्यापुढील लोखंड आधी लाल होते व मग पांढरे; तद्वत तांबडा तारा कमी तापलेला आणि शुभ्र तारा अधिक तापलेला असतो. कृत्तिकांचा पुंजका सुमारे ४४० प्रकाशवर्षांवर आहे. त्याचा जो प्रकाश आज डोळ्यांत शिरतो, तो निघाला तेव्हा चांद्यास गोंड राजांचे राज्य होते.

त्या गोंडांनीही हे आकाश आपल्या परीने वाचले आहे. मयंक वाहिया आणि गणेश हलकारे यांनी गोंडांच्या आकाशज्ञानाचा अभ्यास करून २०१३ साली तो प्रसिद्ध केला. गोंड लोक सप्तर्षींच्या चौकोनास खाट मानतात आणि मागील तीन ताऱ्यांस ती पळविण्यास आलेले चोर. मृग नक्षत्रात त्यांना नांगर दिसतो. ऋषींच्या जागी खाट आणि हरणाच्या जागी नांगर आला, तरी तारे तेच आहेत. सप्तर्षींवरून ध्रुवही शोधता येतो. ध्रुव क्षितिजापासून त्या त्या ठिकाणच्या अक्षांशाइतका उंच असतो. घुग्घुसचा अक्षांश सुमारे २० अंश. म्हणून हात ताठ पुढे धरून क्षितिजावर मुठीवर मूठ अशा दोन मुठी ठेवल्या की ध्रुवाची जागा सापडते.

हे सर्व तारे आणि आपला सूर्य आकाशगंगा नावाच्या एकाच प्रचंड समूहाचे घटक आहेत. त्या समूहात दहा हजार कोटींहून अधिक तारे असून सूर्य तिच्या केंद्रापासून सुमारे २६ हजार प्रकाशवर्षांवर राहून केंद्राभोवती फिरतो. एका प्रदक्षिणेस त्यास २२ ते २५ कोटी वर्षे लागतात. येथे पुन्हा घुग्घुसच्या कोळशाची आठवण होते. कारण ज्या वनस्पतींचा तो कोळसा बनला, त्या जिवंत असल्यापासून सूर्याची जेमतेम एकच प्रदक्षिणा पुरी होऊन दुसरी सुरू झाली आहे! इतकेच नव्हे, तर त्या कोळशातील कार्बनही सूर्य जन्मण्यापूर्वी होऊन गेलेल्या ताऱ्यांच्या पोटात तयार झालेला आहे. तेव्हा कोळशातील द्रव्य जुन्या ताऱ्यांचे, आणि त्यातील ऊब आपल्या ताऱ्याची.

परंतु ज्या कोळशाचे नाते असे ताऱ्यांशी, त्यानेच आज ताऱ्यांवर पडदा ओढला आहे. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने २००९ साली देशातील ८८ औद्योगिक क्षेत्रांची पाहणी केली. तीत चंद्रपूर क्षेत्र ८३.८८ गुणांनी चौथे आले, आणि त्या क्षेत्रात घुग्घुसचाही समावेश होता. खाणी, कोळशाची वाहतूक आणि कारखाने यांची धूळ हवेत तरंगते; रात्री दिव्यांचा उजेड त्या धुळीवर पडून चोहोंकडे पसरतो, आणि मंद तारे त्या उजेडात बुडून जातात. निर्मळ व काळोख्या रात्री साध्या डोळ्यांना एका वेळी दोन हजारांहून अधिक तारे दिसतात. उजेडाने भरलेल्या शहरात ते काही डझनांवर येतात. धुळीचे खरे मोल माणसाच्या फुप्फुसांस द्यावे लागते, हे तर निराळे सांगावयास नकोच. ज्या हवेतून तारे दिसत नाहीत, ती हवा श्वासासही चांगली नसते.

दिवे बंद करून गाव अंधारात बुडवावा, असा याचा अर्थ नाही. दिव्यास झाकण घालून प्रकाश केवळ रस्त्यावर पाडावा, अकारण आकाशात उधळू नये, एवढेच पुष्कळ आहे. विदर्भातच याचे उदाहरण घडले आहे. नागपूर जिल्ह्यातील पेंच व्याघ्रप्रकल्पाच्या आसपासच्या गावांत रस्त्यांवरील दिवे अशा रीतीने बदलण्यात आले, आणि २०२४ च्या जानेवारीत पेंच हे भारतातील पहिले ‘डार्क स्काय पार्क’, म्हणजे काळोख्या आकाशाचे उद्यान, म्हणून मान्य झाले. दिव्यांचे हे झाले; धुळीचा बंदोबस्त मात्र खाणीच्या तोंडाशी, मालाच्या गाड्यांवर आणि धुराड्यांतच व्हावयास हवा.

आपल्या गावाच्या आकाशाची परीक्षा घेण्यास दुर्बिणीची गरज नाही. पौष-माघातील चांदणे नसलेल्या संध्याकाळी घरातील मुलांना गच्चीवर न्यावे आणि कृत्तिकांतील तारे मोजावयास सांगावे. स्वच्छ आकाशात चांगल्या दृष्टीच्या माणसास त्यांत सहा सहज दिसतात, क्वचित सातवाही. जेथे केवळ धुरकट ठिपका दिसेल, अथवा तोही दिसणार नाही, तेथे आकाशातील तारे कमी झालेले नसून मधली हवा आणि खालचा उजेड बिघडलेला आहे, असे समजावे. ती बिघाडाची कारणे मात्र प्रकाशवर्षांच्या अंतरावर नाहीत. ती हाताच्या अंतरावर आहेत.