श्वान-हस्तकांचे प्रशिक्षण

पहाऱ्याच्या कुत्र्याला सोबत घेऊन त्याच्याकडून काम करून घेणाऱ्या प्रशिक्षित पहारेकऱ्यास श्वान-हस्तक म्हणतात. कारखाने, गुदामे, विमानतळ इ. ठिकाणी माणूस व कुत्रा यांची जोडी गस्त घालते. कुत्र्यास शिकविले की काम भागले, अशी सर्वसाधारण समजूत आढळते. प्रत्यक्षात शिक्षणाचा अधिक अवघड भाग पहारेकऱ्याच्या वाट्यास येतो.

हस्तकाविना सोडलेले कुत्रे किती घातक ठरतात, याचे जुने उदाहरण फ्रान्समधील सँ मालो या बंदराचे आहे. तेथे कित्येक शतके रात्री तटाबाहेर पहाऱ्याचे कुत्रे मोकळे सोडीत. १७७० मध्ये त्यांनी एका नौदल अधिकाऱ्यास फाडून ठार केल्यावर ही प्रथा बंद पडली. याउलट बेल्जियममधील गेंट शहरात १८९९ मध्ये सुरू झालेल्या श्वानपथकातील कुत्रे पोलिसांबरोबर गस्त घालीत. आधुनिक पद्धतीचे मूळ तेथे आहे. भारतात लष्कराने १९६० मध्ये मीरत येथे व सीमा सुरक्षा दलाने १९७० मध्ये ग्वाल्हेरजवळील टेकनपूर येथे श्वानप्रशिक्षणाची सोय केली. महाराष्ट्रात पुण्याच्या शिवाजीनगर भागात गुन्हे अन्वेषण विभागाचे केंद्र असून १९९३ च्या मुंबई बाँबस्फोटांच्या तपासात नावाजलेला ‘झंजीर’ हा लॅब्रॅडॉर कुत्रा तेथेच तयार झाला.

शिक्षणाचा प्रारंभ परिचयाने होतो. कुत्र्याला खाऊ घालणे, खरारा करणे, श्वानगृह साफ ठेवणे ही कामे हस्तकाने स्वतः करावयाची असतात. यानंतर बसणे, थांबणे, पायाशी चालणे इ. आज्ञांचा सराव येतो. आज्ञेचा शब्द व स्वर नेहमी एकच हवा आणि शाबासकी तत्काळ मिळावयास हवी. काही क्षणांनी दिलेल्या शाबासकीचा संबंध कुत्रा भलत्याच कृतीशी जोडतो. जाड संरक्षक बाही घातलेल्या माणसास धरण्याचा पाठ प्रेक्षणीय असतो. पण परीक्षा धरण्याची नसून सोडण्याची असते. एका आज्ञेसरशी पकड न सोडणारा कुत्रा कामावर नेण्यास अयोग्य समजावा.

हस्तकाला कुत्र्याची भाषा वाचता आली पाहिजे. उंचावलेले डोके, एका दिशेला रोखलेले कान, बदललेला श्वास यांवरून भुंकण्यापूर्वीच परक्याची चाहूल कळते. वारा संशयित जागेकडून कुत्र्याकडे यावा, अशा बेताने गस्तीचा मार्ग आखावा लागतो. परंतु कुत्राही माणसाला वाचीत असतो. २०११ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकन प्रयोगात अठरा शोधक जोड्यांना अशा खोल्यांत नेले, की जेथे शोधावयाचा कोणताही वास नव्हता. येथे वास आहे, असे हस्तकांना सांगितले होते. तरीही बहुतेक खेपांत हस्तकांनी कुत्र्याने इशारा दिल्याची नोंद केली. हस्तकाचा पूर्वग्रह जोडीच्या निष्कर्षात कसा उतरतो, हे यावरून दिसते. पहाऱ्यावरील कुत्र्याच्या बाबतीत अशा चुकीची किंमत एखाद्या निरपराध वाटसरूस मोजावी लागते.

उष्ण प्रदेशात आणखी एक दक्षता आवश्यक असते. कुत्र्यास माणसासारखा सर्वांगाला घाम येत नाही. धापा टाकूनच तो शरीर थंड ठेवतो. विदर्भातील उन्हाळ्यात दुपारी तापलेल्या सिमेंटवर त्याला फिरविणे क्रूरपणाचे व धोक्याचेही आहे. लाळ गळणे, झोकांड्या जाणे ही उष्माघाताची लक्षणे, तसेच अलर्क रोगाच्या लसीचे वेळापत्रक हस्तकाला ठाऊक असावे लागते. खर्च वाचविण्यासाठी एकच कुत्रा पाळीगणिक वेगवेगळ्या पहारेकऱ्यांच्या हाती देण्याची रीत काही ठिकाणी दिसते. अशा वेळी कुत्रा एकाचेही ऐकत नाही, हा अनुभव आहे.

ब्रिटनमधील १९७५ च्या पहारा-श्वान अधिनियमानुसार आवारात हस्तक हजर असून कुत्रा त्याच्या ताब्यात असला पाहिजे. अन्यथा कुत्र्यास मोकळे फिरता येणार नाही असे बांधून ठेवावे लागते. प्रवेशद्वारांवर इशाऱ्याची पाटीही बंधनकारक आहे. भारतात ताब्यातील प्राण्यापासून मानवी जीवितास संभवणारा धोका वा जबर दुखापत टाळण्यासाठी पुरेशी काळजी न घेणाऱ्यास भारतीय न्याय संहितेच्या (२०२३) कलम २९१ नुसार सहा महिन्यांपर्यंत कारावास, ५,००० रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही शिक्षा होऊ शकतात. कुत्रा मालकाचा असला, तरी प्रसंगी दोरी ज्याच्या हातात असते, त्या पहारेकऱ्यालाही जाब द्यावा लागतो.