पणजोबांची तिथी

पितृपक्षात शस्त्राने मेलेल्यांसाठी चतुर्दशी राखून ठेवलेली असते, आणि ज्यांची तिथी ठाऊक नाही त्यांचे पान दुसऱ्या दिवशी, सर्वपित्री अमावस्येला वाढतात. आमचे पणजोबा पलटणीत होते आणि परमुलखात वारले. तेव्हा गावच्या भटजींनी साहजिकच चतुर्दशी सुचवली. पणजीने मात्र अमावस्याच धरली. ती म्हणाली, "ते हत्यारानं नाही गेले, भुकेनं गेले. खोटी तिथी मी धरायची नाही."

सातारा जिल्ह्यातले कोरडवाहू रान, दोघे भाऊ आणि डोक्यावर सावकाराचे देणे. थोरला शेतीवर राहिला, धाकटा ११७व्या मराठा पलटणीत भरती झाला. सहाव्या पुणे डिव्हिजनबरोबर ही पलटण नोव्हेंबर १९१४ मध्ये मेसोपोटेमियात, म्हणजे आजच्या इराकात, उतरली. आमचे आजोबा तेव्हा आईच्या पोटात होते.

प्रथम सारे सोपे वाटले. बसरा पडले आणि टायग्रिस नदीच्या काठाने फौज वर सरकत गेली. सेनापती टाउनशेंड बगदादवर चाल करून निघाले; पण नोव्हेंबर १९१५ मध्ये टेसिफोनच्या लढाईत फौजेची चाळण झाली. ती माघार घेत कुत-अल-अमारा या गावी आली आणि डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात तेथे तुर्कांचा वेढा पडला.

तो जवळजवळ पाच महिने चालला. शिधा संपत आला तेव्हा घोडे कापू लागले. अनेक हिंदी शिपाई त्या मांसाला शिवेनात. हिंदुस्थानातून धर्माधिकाऱ्यांची संमती आणवली, तरी पुष्कळांचे मन घेईना. विमानांतून पीठ टाकले जाई. त्यातले काही नदीतच पडे. वेढा फोडायला आलेल्या फौजेची सुमारे २३,००० माणसे मेली वा जखमी झाली, पण वेढा फुटला नाही. अखेर २९ एप्रिल १९१६ रोजी सुमारे १३,००० माणसे शरण गेली. टाउनशेंडसाहेबांची सोय इस्तंबूलजवळच्या एका बेटावर झाली. शिपायांच्या वाट्याला वाळवंटातली पायपीट आली, आणि तीतून जगले वाचले त्यांना रेल्वेच्या कामावरची मजुरी.

त्या कैदेतून सुटलेला शेजारगावचा एक शिपाई १९१९ साली पणजीला भेटून गेला. मोसुलच्या वाटेवर एका मुक्कामी पणजोबा बसले ते उठले नाहीत, एवढेच त्याने सांगितले. पणजीने त्याला जेवू घातले आणि मग विचारले, "शेवटचं पोटात काय होतं?" तो खाली मान घालून बसला. तिला उत्तर मिळाले होते.

पुढे गावात पणजोबांच्या पराक्रमाच्या गोष्टी रचल्या गेल्या. कुणी त्यांच्या हातून दहा तुर्क मारवले, कुणी वीस. पणजी ऐकून घेई, पण एकीलाही तिने होकार दिला नाही. माणूस शूर होता म्हणून त्याची भूक झाकावी, हे तिला मान्य नव्हते.

मेसोपोटेमियात मरण पावलेल्या आणि कबर ठाऊक नसलेल्या ४०,००० हून अधिक सैनिकांचे स्मारक बसऱ्याला उभारले गेले. त्याच्या भिंतीवर अधिकाऱ्यांची आणि गोऱ्या शिपायांची नावे कोरली. साध्या हिंदी शिपायांसाठी पलटणीच्या नावापुढे नुसता आकडा घातला. २०२१ साली कॉमनवेल्थ वॉर ग्रेव्हज कमिशनने अशा पक्षपाताबद्दल जाहीर माफी मागितली.

११७व्या पलटणीपुढच्या त्या आकड्यात आमचे पणजोबा एक आहेत. अशी माणसे महाराष्ट्रात कितीतरी घरांतून गेली. या दिवाळीत वडीलधारी मंडळी घरी जमतील, तेव्हा फराळाच्या ताटावर त्यांना जरूर विचारावे, की आपल्यातले कोण गेले आणि कसे गेले. आणि जे सांगतील ते, पराक्रमाचे असो वा उपासमारीचे, मुलांसमोर तसेच सांगू द्यावे.