आधी पत्रा, मग गाडी

जॅक लावायचा, पुढचं चाक जमिनीवरून सुटेल इतकी गाडी उचलायची आणि मग दार उघडायचं. दार सहज उघडून सहज लागलं, तर पुढचं बोलायचं. ते अडकलं, किंवा दाराची वरची फट खालच्यापेक्षा बारीक झाली, तर मालकाचे आभार मानून कॉफी प्यायला निघायचं. टपाच्या गाडीला वर छताचा आधार नसतो. तिचं वजन पेलते ती दाराखालची बंद पेटी, गॅरेजवाल्यांच्या भाषेत सिल. ती आतून सडली की गाडी मधोमध खचते आणि वरचा लाल रंग मात्र आरशासारखा चमकत राहतो. जॅकच पत्र्यात घुसला, तर दार उघडायचेही कष्ट नकोत.

ही परीक्षा मला तोरिनोतल्या एका म्हाताऱ्या पत्राकामगाराने शिकवली. मी इथे ब्रेकच्या कामात आहे, त्यामुळे आपल्याला गाडीतलं कळतं अशी माझी नातेवाइकांत ख्याती. मेहुणा मिलानला असतो. एके दिवशी त्याचा फोन आला, ‘दाजी, अल्फा घ्यायची. जुनी, टपाची.’ मी विचारलं, कोणती? तो म्हणाला, ‘लाल.’

इथून सुरुवात झाली. जुन्या इटालियन टपाच्या गाड्यांची यादी लांबलचक असली तरी नोकरदार माणसासाठी ती भराभर आखडते. लान्चिआ ऑरेलिया बी-24 ही माझ्या मते सगळ्यांत देखणी. पुढची काच थेट कानापर्यंत वळलेली ‘स्पायडर अमेरिका’ जेमतेम 240 बनली, आणि आज ती लिलावात दिसते, रस्त्यावर नाही. अल्फाची जुलिएत्ता स्पायडर 1955 ची. तिच्या किमतीत पुण्यात फ्लॅटचा विचार करता येईल. फियाट 850 स्पायडर गोड आहे, पण इंजिन मागे, तेही 843 सीसीचं, आणि मेहुणा चांगला उंच. उरल्या दोन : अल्फा रोमिओ स्पायडर आणि फियाट 124 स्पोर्ट स्पायडर.

दोघींचं जन्मसाल एक. 1966 च्या मार्चमध्ये जिनिव्हाच्या प्रदर्शनात अल्फा आली, नोव्हेंबरमध्ये तोरिनोत फियाट. दोन्हींवर पिनिनफारिनाचा शिक्का. अल्फाच्या आकारात बात्तिस्ता फारिनाने स्वतः लक्ष घातलं होतं आणि गाडी लोकांसमोर आल्यावर महिन्याभरातच, 3 एप्रिलला, तो गेला. फियाटची रेषा टॉम त्यार्दा या अमेरिकन तरुणाची. दोन्हींचा पत्रा मात्र एकाच ठिकाणी ठोकला गेला, तोरिनोच्या वेशीवरच्या ग्रुलियास्कोच्या कारखान्यात. अल्फावाले आणि फियाटवाले आजही एकमेकांच्या गाड्यांना नाकं मुरडतात. त्यांना हे सांगितलं की थोडा वेळ शांत बसतात.

एका कारखान्याचा पत्रा म्हणजे सडणंही साधारण एकाच धाटणीचं. इथे कुणालाही विचारा, तो रशियन पोलादाची गोष्ट सांगेल : फियाटने 1966 मध्ये सोव्हिएत संघाशी मोटार कारखान्याचा करार केला, 124 ची तिकडे लाडा झाली, मोबदल्यात हलकं पोलाद आलं, म्हणून सत्तरच्या दशकातल्या गाड्या गंजल्या. करार खरा, लाडाही खरी. पोलादाचं मला पटत नाही. गंज धरतो तो दुमडीत, जिथे रंग कधी पोचलाच नाही. आणि पाणी निघून जायच्या भोकांत, जिथे पाचोळा अडकलेला असतो. अल्फात पुढच्या चाकामागच्या पोकळीत माती साचते, ओली राहते, आणि आधी मडगार्डचं टोक, मग सिल खाते. टप गळका असला की कार्पेटखालची फरशी जाते. डिकीत स्टेपनीचा खळगा हमखास बघावा. फियाटचा दुखरा भाग वेगळा : बॉनेट उघडल्यावर दोन्ही बाजूंना दिसणारे पुढच्या सस्पेन्शनचे टॉवर. तिथे वरून पट्टी मारून काळा रंग फासलेला दिसला, तर खाली काय आहे ते न बघताही समजावं. मागचा ॲक्सल ज्या दांड्यांनी गाडीला धरलेला असतो, त्यांची टोकं पत्र्याला जिथे बसतात तिथेही स्क्रूड्रायव्हर टोचून बघायचा. म्हाताऱ्याच्या खिशात फडक्यात गुंडाळलेलं लोहचुंबक असे. गाडीभोवती तो हळूहळू फिरे. चुंबक धरेनासं झालं की तिथे पत्रा नाही, पुट्टी.

म्हाताऱ्याला सोबत घेऊन आम्ही पाहिलेली अल्फा मिलानजवळच्या एका गावात होती. 2000 स्पायडर व्हेलोचे, मागून कापलेल्या शेपटीची. पहिल्या गाड्यांची शेपटी गोल आणि लांब होती. ‘द ग्रॅज्युएट’ सिनेमात डस्टिन हॉफमन चालवतो ती. सत्तरच्या सुमारास शेपटी छाटली. लोक गोल शेपटीसाठी कितीतरी जास्त मोजतात. मला छाटलेलीच जास्त आवडते, आणि 1962 सीसीचं इंजिन तिच्यातच मिळतं. गिअरचा दांडा जमिनीतून न येता डॅशबोर्डखालून आडवा बाहेर येतो. पहिल्या मिनिटाला विचित्र वाटतं, पाचव्या मिनिटाला वाटतं की दांडा असाच असायला हवा.

मेहुणा तिथेच गाडी घेऊन बसला असता. म्हाताऱ्याने इंजिनवर हात ठेवून ते गार असल्याची खात्री केली. ही गोष्ट महत्त्वाची : गाडी आधीच गरम करून ठेवली असेल तर मालकाला काहीतरी लपवायचं असतं. या अल्फांचा दुसरा गिअर गार असताना कुरकुरतो. तिसऱ्यातून दुसऱ्यात टाकताना किती कुरकुरतो त्यावर गिअरबॉक्सचं आयुष्य ठरतं. हा थोडाच कुरकुरला. मग तेलाचं झाकण. अल्फाचं इंजिन आख्खं ॲल्युमिनियमचं, आत ओले लायनर. हेड गॅस्केट हा त्याचा नाजूक भाग. गॅस्केट गेलं की पाणी तेलात उतरतं आणि झाकणाच्या आत ताकावरच्या लोण्यासारखा थर धरतो. झाकण स्वच्छ निघालं. इंजिनाचा आवाज तर असा, की मेहुण्याने माझ्याकडे पाहिलंच नाही.

मग जॅक लावला. दार उघडलं, पण लागताना खाली घासलं.

मालक प्रामाणिक होता. सिल कधीतरी ‘केलं’ होतं म्हणाला. बाहेरून नवा पत्रा, आतली पेटी जुनीच. म्हाताऱ्याने टॉर्च मारली, काही बोलला नाही, हात पुसले.

फियाट आस्तीजवळ एका कोठारात होती. 1979 ची, स्पीडोमीटर मैलांत, पुढे-मागे जाडजूड बंपर. म्हणजे अमेरिकेतून परत आलेली. यात नवल नाही. 124 स्पायडर दोन लाखांच्या आसपास बनल्या आणि त्यातल्या बहुतेक अमेरिकेला गेल्या. कॅलिफोर्नियाच्या कोरड्या हवेत राहिलेल्या गाड्या आता व्यापारी परत आणतात. त्यांच्या सीटा उन्हाने फाटलेल्या असतात, डॅशबोर्डला तडे असतात, बंपर हास्यास्पद दिसतात आणि फरशी धडधाकट असते. सीटा आठवड्यात शिवून मिळतात. फरशी मिळत नाही.

इंजिन 1995 सीसीचं. हे ट्विन-कॅम ऑरेलिओ लाम्प्रेदीचं, जो आधी फेरारीकडे होता. त्याने दोन्ही कॅमशाफ्टना साखळीऐवजी दातेरी रबरी पट्टा दिला. इंजिन दणकट, सुटे भाग मुबलक, कारण याच घराण्यातली इंजिनं पुढे कितीतरी फियाट-लान्चिआंत बसली. पट्टा मात्र वेळेवर बदलावा लागतो. चालत्या गाडीत तो तुटला तर व्हॉल्व्ह वाकायची भीती असते. पावती मागितली, नव्हती. म्हणजे पट्ट्याचा खर्च किमतीतून वजा. अमेरिकेच्या धुराच्या नियमांनी या इंजिनाचा गळा थोडा आवळलेला असतो, तेही चालवताना जाणवलं. अल्फासारखं ते गात नाही. टप मात्र बसल्या जागेवरून एका हाताने मागे टाकता येतो, आणि मागे दोन पोरं मावतील अशी चिमुकली सीट आहे. अल्फात ती सोय नाही. आमच्या घरात दोन पोरं आहेत.

परतताना मेहुणा गप्प होता. मग म्हणाला, ‘फियाट म्हणजे, दाजी, आपल्या बाबांच्या गाडीसारखं वाटतं.’ त्यात तथ्य होतं. सासऱ्यांकडे प्रीमियर 118 एनई होती, आणि तिचा सांगाडा या 124 च्याच सेदानचा. इंजिन तेवढं निस्सानचं. मुंबईत ज्यांनी ती चालवली त्यांना हे नातं फारसं माहीत नसतं. मी त्याला सांगितलं, तो अजूनच गप्प झाला. खानदानी अल्फा घ्यायला निघालेल्या माणसाला बाबांच्या गाडीची मावशी दाखवली होती मी.

कागदपत्रं ही स्वतंत्र डोकेदुखी. नोंदणीपुस्तकातला चॅसी क्रमांक आणि पत्र्यावर ठोकलेला क्रमांक अक्षरन् अक्षर जुळायला हवा. परत आलेल्या गाडीचे आयातीचे कागदही लागतात. तीस वर्षांपुढच्या गाडीला इटलीत नेहमीचा रस्ताकर लागत नाही, दर दोन वर्षांची तपासणी मात्र चुकत नाही. ज्यांना यातलं काहीच नको, त्यांच्यासाठी माझ्दाची नवी टपाची गाडी आहे. 2016 मध्ये फियाटने 124 स्पायडर हे नाव पुन्हा वापरलं, ती गाडीही हिरोशिमात माझ्दानेच बनवली.

आठवड्याने अल्फाच्या मालकाचा फोन आला. किंमत बरीच उतरवली होती, फियाटच्या जवळपास. मेहुण्याने मला विचारलं नाही, थेट म्हाताऱ्याला विचारलं : सिल नीट करायचं झालं तर? म्हाताऱ्याने बोटांवर मोजत हिशेब सांगितला. दारं काढायची, बाहेरचा पत्रा कापायचा, गाडी वाकू नये म्हणून आतून आधाराचे पाइप जोडायचे, आतली पेटी नवी करायची, मग बाहेरची, मग दोन्ही बाजूंचा रंग. एका बाजूला दोन आठवडे, आणि फरशी कापल्यावर काय दिसेल ते वेगळं.

मेहुण्याने फियाटसाठी पैसे भरले. ती लाल नाही, मोहरीच्या रंगाची आहे. टायमिंगचा पट्टा आणि त्याचा टेन्शनर त्याच आठवड्यात बदलला. बंपरांवरून आमचा वाद चालू आहे. त्याला जुने क्रोमचे पातळ बसवायचेत, मी म्हणतो आधी टायर घे.