म्यूट करून घाबरून दाखवा!

'तुंबाड'चा ट्रेलर एकदा आवाज बंद करून बघा. पाऊस, वाडा, कंदील... दिसतं भारी, पण दचकायला होत नाही. आता हेडफोन लावा. हॉरर ट्रेलरमध्ये आवाज अचानक गायब झाला की समजायचं, दणका येतोय. ट्रिक जुनी, तरी आपण फसतोच!

राही बर्वेच्या या २०१८च्या सिनेमात उजेडाचं कामही तगडं आहे. कॅमेऱ्यामागे पंकज कुमार. शूटिंग अनेक खऱ्या पावसाळ्यांत, त्यामुळे ऊन जवळपास नाहीच. कंदिलाच्या उजेडापलीकडचं सगळं आपलं डोकंच रंगवतं.

आणि बाहेरून दिसतो तो वाडा? सासवडचा पुरंदरे वाडा. विश्रांतवाडीहून बाईक काढायची, दिवे घाट चढायचा. फक्त भर उन्हात जाऊ नका, भूत भेटायचं नाही.